मूठभर पेशी, मूठभर रुग्ण

१९२७ साली स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ गिदो फॅन्कोनी यांनी एकाच घरातील तीन भावांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघेही वयाच्या मानाने खुजे होते, अंगावर गडद डाग होते आणि शाळेत जायच्या वयात तिघांचेही रक्त आटत गेले होते. त्या काळी अ‍ॅनिमिया म्हटले की लोह द्यावे, नाहीतर नुकताच गाजू लागलेला यकृताचा उपचार करून पाहावा, एवढेच डॉक्टरांच्या हाती असे. या मुलांना त्यातले काही लागू पडण्यासारखे नव्हते. त्यांच्या केवळ लाल पेशीच कमी होत नव्हत्या. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही सोबतच घटत होत्या, म्हणजे रक्त बनवणारी अस्थिमज्जाच रिकामी होत चालली होती. एकाच आईवडिलांच्या तीन मुलांना हे व्हावे, याचा अर्थ दोष वारशाने आला होता. १९३१ मध्ये ओटो नेगेली या स्विस रक्तविकारतज्ज्ञाने या आजाराला फॅन्कोनींचेच नाव सुचवले आणि ते रूढ झाले.

नाव लवकर मिळाले. आजाराच्या मुळावर, म्हणजे बिघडलेल्या जनुकावर, टिकणारा इलाज करून पाहायला मात्र जवळजवळ नव्वद वर्षे गेली. या काळात दोन प्रयोग फसले, तिसरा साधला आणि साधलेला प्रयोग औषध होण्याच्या उंबरठ्यावर अडला. फसण्याची कारणे प्रयोगशाळेतली होती, अडण्याचे कारण बाजारातले होते. म्हणूनच दुर्मीळ आजारांच्या संशोधनाचे काय होते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने फॅन्कोनी अ‍ॅनिमियाचा इतिहास पाहावा.

तुटणारी गुणसूत्रे

पहिला मोठा धागा १९६४ मध्ये जर्मनीत हाती लागला. ट्राउटे श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या मुलांच्या पेशींतील गुणसूत्रे जागोजागी तुटलेली दिसली. पुढे कळले की काही रसायने टाकली की ही मोडतोड कितीतरी पटींनी वाढते. मायटोमायसिन-सी हे कर्करोगावरचे औषध त्यांपैकी एक. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील आर्लीन ऑरबाख यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डायइपॉक्सिब्युटेन या रसायनाने हीच गोष्ट तपासण्याची खात्रीची चाचणी बसवली. रुग्णाचे थोडे रक्त घ्यायचे, त्यातील पेशी त्या रसायनात वाढवायच्या आणि तुटलेली गुणसूत्रे मोजायची. आजही निदानाचा पाया हाच आहे.

मोडतोडीचे कारण समजायला सोपे आहे. डीएनएचे दोन धागे झिपसारखे एकमेकांत गुंतलेले असतात आणि पेशी दुभंगताना ती झिप उघडावी लागते. काही रसायने दोन्ही धागे एकमेकांना डाग दिल्यासारखी चिकटवून टाकतात. निरोगी पेशीत प्रथिनांचा एक मोठा ताफा ही गाठ कापतो आणि धागे पुन्हा सांधतो. या ताफ्यातील प्रथिने बनवणारी वीसहून अधिक जनुके आता माहीत आहेत. त्यांतले एक जरी दोन्ही बाजूंनी बिघडले, तरी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया होऊ शकतो. मग पेशी एकतर मरते, नाहीतर मोडकी गुणसूत्रे घेऊन वाढत राहते. मेली तर रक्त आटते, वाढली तर ल्यूकेमियाची भीती.

हा घाव घालणारी रसायने बाहेरूनच यावी लागतात असेही नाही. केंब्रिजमधील के. जे. पटेल यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की शरीराच्या रोजच्या चयापचयात तयार होणारे अ‍ॅल्डिहाइडच ही इजा करू शकतात. अस्थिमज्जेला दिवसरात्र अब्जावधी पेशी तयार कराव्या लागतात, त्यामुळे सगळ्यात आधी तीच थकते. रक्ताच्या मूळपेशींची घट जन्माआधीच सुरू झालेली असते. मूल चालू-बोलू लागते तेव्हा ते बाहेरून धडधाकट दिसेल, पण त्याच्या मज्जेतली पुंजी तोवर बरीच सरलेली असते. बहुतेकांचे रक्त शाळेच्या पहिल्या काही वर्षांत उतरू लागते.

आजाराच्या बहुतेक प्रकारांत आई आणि वडील दोघेही वाहक असतात. त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, पण त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लाखभर जन्मांमागे एखादे मूल, असा साधारण अंदाज सांगितला जातो. काही समाजांत तो बराच जास्त आहे. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानर, अश्केनाझी ज्यू आणि स्पेनमधील रोमा या समाजांत एकेका पूर्वजाकडून आलेला दोष पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात फिरत राहिला. स्पेनचे नाव पुढे पुन्हा येईल.

उसन्या मज्जेची मर्यादा

१९५९ पासून पुरुष हार्मोनसारख्या औषधांनी काही मुलांचे रक्त काही वर्षे सावरता येऊ लागले. खरा इलाज मात्र एकच दिसत होता, दुसऱ्याची अस्थिमज्जा देणे. त्यासाठी आधी रुग्णाची उरलीसुरली मज्जा जालीम औषधांनी जाळावी लागते, आणि ही औषधे नेमकी डीएनएवरच घाव घालतात. इतर रुग्ण जो डोस सोसत, त्याने फॅन्कोनीची मुले दगावत. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील एलियान ग्लुकमन यांनी हे कारण ओळखले, डोस बराच खाली आणला आणि प्रत्यारोपण या मुलांच्या आवाक्यात आणले.

ऑक्टोबर १९८८ मध्ये याच रुग्णालयात वैद्यकाच्या इतिहासातील एक मोठी घटना घडली. अमेरिकेतून आणलेल्या फॅन्कोनीच्या एका पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त देण्यात आले. बहीण निरोगी आहे आणि तिचे ऊतक जुळते, हे ऑरबाख यांच्या चमूने ती पोटात असतानाच तपासले होते. नाळेतले रक्त गोठवून जपण्याचे काम इंडियानातील हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेने केले. मुलगा वाचला आणि मोठा झाला. आज जगभर वापरले जाणारे नाळरक्ताचे प्रत्यारोपण अशा रीतीने एका दुर्मीळ अ‍ॅनिमियाच्या निमित्ताने सुरू झाले.

२००० साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात याच्याही पुढचे पाऊल पडले. फॅन्कोनी असलेल्या एका मुलीच्या आईवडिलांनी कृत्रिम गर्भधारणेतील भ्रूणांमधून निरोगी आणि बहिणीशी जुळणारा भ्रूण निवडला, आणि जन्मलेल्या भावाच्या नाळेतील रक्ताने बहिणीवर उपचार झाले. एका मुलासाठी दुसरे मूल जन्माला घालावे का, यावर तेव्हा मोठा वाद झाला. वाद घालणाऱ्यांना एक गोष्ट नीट दिसत नव्हती. जुळणारे भावंड नसलेल्या घरापुढे तेव्हा याहून बरा मार्ग फारसा नव्हता. परक्या दात्याची मज्जा मिळाली, तरी ती रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका असे. शिवाय मज्जा जाळणारी औषधे आणि त्यानंतरची गुंतागुंत यांमुळे, या मुलांना मुळातच असलेला तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढे.

मग उलटा विचार पुढे आला. परकी मज्जा आणण्यापेक्षा मुलाच्याच मूळपेशी बाहेर काढाव्यात, त्यांत चांगले जनुक घालावे आणि त्या परत द्याव्यात. आपल्याच पेशी म्हटल्यावर शरीर त्या नाकारणार नाही.

निसर्गाने केलेला दाखला

त्यासाठी आधी जनुक सापडायला हवे होते. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातील मॅन्युएल बुखवाल्ड यांच्या गटाने १९९२ मध्ये फॅन्कोनीचे पहिले जनुक, ‘सी’ गटाचे, शोधले. कोणते जनुक बिघडले आहे, त्यावरून या आजाराचे असे अक्षरांचे गट पाडतात. १९९६ मध्ये ‘ए’ गटाचे जनुक सापडले. एकूण रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांचा दोष याच जनुकात असतो, त्यामुळे पुढची सारी आशा त्याच्याभोवती गोळा झाली.

या शोधांमागे प्रयोगशाळांइतकेच एक घरही होते. अमेरिकेतील ओरेगन राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल आणि नंतर ओरेगन विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले डेव्ह फ्रॉनमायर आणि त्यांच्या पत्नी लिन यांच्या तिन्ही मुलींना हा आजार होता. आपल्यासारखी घरे शोधून त्यांनी आधी एक आधारगट बांधला आणि १९८९ मध्ये संशोधनासाठी निधी उभा केला. कुठल्याही औषध कंपनीला ज्या आजारात रस नव्हता, त्याच्या संशोधनाला पैसा आणि रुग्णांचे नमुने पुरवण्याचे काम या निधीने केले. फ्रॉनमायरांच्या दोन मुली १९९० च्या दशकात गेल्या, तिसरी २०१६ मध्ये. निधीचे काम चालू राहिले.

जनुकोपचारासाठी फॅन्कोनी विशेष योग्य वाटण्यामागे एक विलक्षण निरीक्षण होते. काही थोड्या रुग्णांच्या रक्ताचे आकडे कोणत्याही उपचाराविना आपोआप सुधारत होते. तपासल्यावर कळले की त्यांच्या एखाद्या मूळपेशीत योगायोगाने जनुक पुन्हा दुरुस्त झाले होते. ती एकटी पेशी आजूबाजूच्या दुबळ्या पेशींना मागे टाकत वाढत गेली आणि तिच्या वंशजांनी मज्जेचा मोठा भाग व्यापला. ज्या उपचाराची शास्त्रज्ञ कल्पना करत होते, तो निसर्गाने आधीच करून दाखवला होता. त्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघत होता. दुरुस्त पेशी थोड्या दिल्या तरी चालतील, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी जुनी मज्जा औषधांनी जाळावी लागणार नाही. बाकीचे काम काळ करील.

निष्कर्ष बरोबर होता, पण ‘थोड्या’ म्हणजे किती थोड्या, हे कुणाला ठाऊक नव्हते.

दोन अपयशे आणि एक सावली

पहिला प्रयोग १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन्सन लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ‘सी’ गटाच्या चार रुग्णांच्या पेशींत रेट्रोव्हायरसच्या मदतीने चांगले जनुक घातले आणि त्या परत दिल्या. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुरुस्त पेशी रक्तात दिसल्या, पण टिकल्या नाहीत. तेव्हाचे रेट्रोव्हायरस फक्त दुभंगत असलेल्या पेशींतच शिरू शकत आणि खऱ्या मूळपेशी तर बहुतेक वेळ स्वस्थ पडून असतात. त्यांना जागे करायचे तर कित्येक दिवस भांड्यात वाढवावे लागे, आणि फॅन्कोनीच्या नाजूक पेशी त्या वास्तव्यातच मरत.

दुसरा प्रयत्न सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात ‘ए’ गटाच्या रुग्णांवर झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुन्हा तीच कहाणी होती. दोन रुग्णांना दुरुस्त पेशी मिळाल्या, काही काळ रक्ताचे आकडे वर गेले आणि मग परिणाम ओसरला. मात्र या अपयशाने एक धडा ठळक केला. अडचण फक्त जनुक पोचवणाऱ्या विषाणूची नव्हती. मुले उपचाराला येईपर्यंत त्यांच्या मज्जेत गोळा करण्याजोग्या मूळपेशीच फारशा उरत नव्हत्या.

याच काळात सगळ्या जनुकोपचारावर एक सावली पडली. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण दगावला. त्याचा आजार वेगळा होता, विषाणूही वेगळा होता, पण अमेरिकेत अशा चाचण्यांवर एकदम लगाम बसला. त्यानंतर पॅरिस आणि लंडनमध्ये रोगप्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळांवर झालेल्या जनुकोपचाराची वाईट बातमी आली. बाळे बरी झाली होती, पण उपचार मिळालेल्या सुमारे २० मुलांपैकी ५ जणांना पुढे ल्यूकेमिया झाला. रेट्रोव्हायरस डीएनएत ज्या ठिकाणी जाऊन बसला, तिथले कर्करोगाशी संबंधित जनुक त्याने जागे केले होते. जी मुले जन्मतःच ल्यूकेमियाच्या काठावर असतात, त्यांच्यावर असा विषाणू वापरायला कोण धजावणार?

उत्तर दुसऱ्या विषाणूकडून आले. एचआयव्हीच्या कुळातील लेंटिव्हायरस, त्याचे रोगकारक भाग काढून टाकल्यावर, जनुक वाहून नेण्यासाठी अधिक सुरक्षित ठरू लागले. त्यांना स्वस्थ पडलेल्या पेशींतही शिरता येते, म्हणून पेशी शरीराबाहेर फार काळ ठेवाव्या लागत नाहीत. फॅन्कोनीसाठी हे दोन्ही गुण मोलाचे होते.

माद्रिदचा हिशेब

पुढचे काम स्पेनमध्ये झाले. स्पेनमधील फॅन्कोनीच्या रुग्णांत ‘ए’ गटाचे प्रमाण खूप मोठे आहे, आणि बार्सिलोनातील जोर्दी सुरालेस यांच्यासारख्या संशोधकांनी देशभरातील रुग्णांची नीट नोंद करून ठेवली होती. प्रयोगाची धुरा ह्वान ब्वेरेन यांनी माद्रिदच्या सिएमात या संस्थेत उचलली. ही ऊर्जा आणि पर्यावरणावरील सरकारी संस्था मुळात अणुऊर्जा मंडळ म्हणून जन्मली. अशा ठिकाणी रक्ताचा अभ्यास कसा, असे कुणी विचारील. किरणोत्साराचा पहिला घाव अस्थिमज्जेवर बसतो, हे आठवले की हे नाते लक्षात येते. ब्वेरेन यांच्याबरोबर पाउला रिओ आणि सुसाना नवारो या संशोधक होत्या, आणि १८७७ पासून चालत आलेल्या निन्यो हेसूस या मुलांच्या रुग्णालयातील डॉक्टर हुलियान सेविया होते.

जगभरच्या संशोधकांनी एकत्र बसून आधीच्या अपयशांचा हिशेब मांडला होता. पेशी हवेतल्यापेक्षा कमी ऑक्सिजनमध्ये वाढवायच्या, शरीराबाहेरचा मुक्काम शक्य तितका आखूड करायचा, जनुक फार जोराने बोलू नये एवढेच सौम्य ‘बटण’ विषाणूत बसवायचे, असे एकेक नियम ठरले. अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातही लेंटिव्हायरस वापरून स्वतंत्र चाचणी सुरू झाली होती. माद्रिदच्या चमूने तयार केलेल्या विषाणूला युरोपीय औषध संस्थेने २०१० मध्ये दुर्मीळ आजारावरील औषधाचा दर्जा दिला, आणि पुढे युरोपीय संघाने चाचणीसाठी निधीही दिला.

माद्रिदच्या चमूने सर्वांत जास्त लक्ष दिले ते पेशी गोळा करण्याकडे. रक्ताचे आकडे पार कोसळेपर्यंत थांबायचे नाही, मज्जेत काही शिल्लक असतानाच लहान वयात पेशी काढायच्या, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी आधी एक वेगळी चाचणी झाली. मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरवणारी दोन औषधे मुलांना एकत्र दिली गेली, जी-सीएसएफ आणि प्लेरिक्साफॉर. मग यंत्रातून मुलाचे रक्त फिरवून त्या पेशी वेगळ्या काढल्या. प्रौढ माणसाच्या साध्या प्रत्यारोपणात वजनाच्या किलोमागे किमान २० लाख मूळपेशी हव्यात असे धरतात. इथे दुरुस्त होऊन हाती येणाऱ्या पेशी त्याच्या कितीतरी खाली राहणार होत्या. पण त्या पूर्वीच्या प्रयोगांपेक्षा चांगल्या प्रतीच्या होत्या, आणि मुलेही कमी आजारी होती.

जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या मुलाला दुरुस्त पेशी देण्यात आल्या. मज्जा जाळणारे कोणतेही औषध दिले नाही. पेशी शिरेतून गेल्या आणि डॉक्टर वाट पाहू लागले.

वाट पाहणे हाच या उपचाराचा गाभा होता. नेहमीच्या प्रत्यारोपणात काही आठवड्यांत निकाल कळतो, कारण जुनी मज्जा उरलेलीच नसते. इथे दुरुस्त पेशींना आजारी पेशींशी शेजारी राहून स्पर्धा करायची होती. सुरुवातीच्या महिन्यांत रक्तातले त्यांचे प्रमाण नगण्य होते. मग ते चढू लागले. २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात पहिल्या चार मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौघांच्याही शरीरात दुरुस्त पेशी रुजल्या होत्या आणि त्यांचे प्रमाण काळाबरोबर वाढत होते. ज्याला अधिक पेशी मिळाल्या, त्याच्यात ही वाढ अधिक ठळक होती. मुलांच्या मज्जेतील पेशींवर मायटोमायसिन-सी टाकून पाहिले, तर पूर्वी जिथे जवळपास सगळ्याच मरत, तिथे आता बऱ्याच तग धरत होत्या. आजार ओळखायची जुनी कसोटी आता बरे होण्याची मोजपट्टी झाली होती. निसर्गाने काही थोड्यांत योगायोगाने केलेली गोष्ट माणसाने ठरवून करून दाखवली, तीही विषारी औषधाचा एक थेंब न देता.

पुढे रॉकेट फार्मास्युटिकल्स या अमेरिकी कंपनीने हा उपचार हाती घेतला आणि स्टॅनफर्ड, मिनेसोटा, लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालय आणि माद्रिद इथे पुढच्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या. २०२४ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये माद्रिदच्या मुलांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात पेशी चांगल्या रुजल्या, त्यांच्या रक्ताची घसरण थांबलेली किंवा स्थिरावलेली दिसली. पॅरिस-लंडनमध्ये ज्याची धास्ती बसली होती, तसा विषाणूमुळे झालेला ल्यूकेमिया दिसला नाही. सगळ्यांनाच गुण आला असे मात्र नाही. ज्या मुलांना फारच थोड्या पेशी मिळाल्या, किंवा ज्यांची मज्जा आधीच खूप खालावली होती, त्यांच्यात परिणाम अपुरा राहिला आणि काहींना शेवटी प्रत्यारोपणाकडेच वळावे लागले. शिवाय दुरुस्ती होते ती फक्त रक्ताची. तोंड, घसा, अन्ननलिका इथल्या पेशींत जुना दोष तसाच राहतो, त्यामुळे कर्करोगाची तपासणी या मुलांना जन्मभर चुकत नाही.

बाजाराचा निकाल

युरोपीय औषध संस्थेने २०२४ मध्ये या उपचाराच्या परवान्याचा अर्ज तपासायला घेतला. इथवरची गोष्ट यशाची होती. २०२५ मध्ये मात्र रॉकेट कंपनीने आपला कारभार आवरता घेतला, हृदयाच्या आनुवंशिक आजारांवरील जनुकोपचारांकडे पैसा वळवला, फॅन्कोनीवरील खर्च थांबवला आणि परवान्यासाठीची वाटचाल सोडून दिली. कारण व्यवसायाचे होते, उपचार धोकादायक ठरला म्हणून नव्हे.

असे पहिल्यांदाच घडले नव्हते. थॅलसेमियावरील पहिला जनुकोपचार झिंटेग्लो याला युरोपात २०१९ मध्ये परवाना मिळाला, पण किमतीवर सरकारांशी एकमत न झाल्याने ब्लूबर्ड कंपनीने २०२१ मध्ये युरोपातून काढता पाय घेतला. २०२२ मध्ये अमेरिकेत तो २८ लाख डॉलर किमतीला आला. थॅलसेमियाचे रुग्ण जगात लाखोंनी आहेत, तरी ही गत. फॅन्कोनीच्या ‘ए’ गटातील, योग्य वयाची, मज्जा शाबूत असलेली मुले एका वर्षात एका खंडात किती सापडणार? एकदाच द्यायचा उपचार, मूठभर रुग्ण आणि प्रत्येकासाठी वेगळी प्रयोगशाळा, हे गणित भागधारकांना परवडत नाही. चाळीस वर्षे रुग्णांच्या घरांनी, सरकारी संस्थांनी आणि रुग्णालयांनी जे उभे केले, ते एका कंपनीच्या ताळेबंदावर येऊन थांबले.

दुसरी वाट मात्र आहे. रोगप्रतिकारशक्तीच्या एका दुर्मीळ आजारावरचा स्ट्रिमव्हेलिस हा जनुकोपचार तोट्यात जाऊ लागला, तेव्हा इटलीच्या टेलिथॉन प्रतिष्ठानाने २०२३ मध्ये तो स्वतःकडे घेतला. ना नफा तत्त्वावर औषध चालवणारी संस्था पुढे आली, म्हणून ते औषध टिकले. बार्सिलोनातील एका सार्वजनिक रुग्णालयाने स्वतः बनवलेल्या पेशी-उपचाराला स्पेनने २०२१ मध्ये रुग्णालयापुरता परवाना दिला. म्हणजे अशी औषधे कंपनीच्या बाहेरही बनू शकतात.

आपल्यासाठी यात काय

या इतिहासाचा एक धागा परळपर्यंत येतो. केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अनेक वर्षे भारतातील फॅन्कोनीच्या रुग्णांचा अभ्यास करते आहे. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी संशोधकांसोबत २०२० मध्ये दाखवले की इतर देशांत क्वचित आढळणारा ‘एल’ गटाचा दोष भारतात बराच जास्त आहे, कारण तो दक्षिण आशियातील एका समान पूर्वजाकडून पसरला आहे. याचा अर्थ असा की माद्रिदचा उपचार उद्या बाजारात आला असता, तरी ‘ए’ गटासाठी बनलेल्या त्या विषाणूचा आपल्या या मुलांना उपयोग झाला नसता. त्यांच्यासाठी वेगळे जनुक बसवलेला विषाणू लागेल, आणि तो बनवण्याची घाई दुसऱ्या कुणाला नाही.

तो बनवण्याची क्षमता आपल्याकडे आता आहे. मुंबईच्या आयआयटीने टाटा मेमोरियलसोबत विकसित केलेल्या, लेंटिव्हायरस वापरणाऱ्या नेक्सकार-१९ या रक्तकर्करोगावरील उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, आणि तो परदेशी उपचारांच्या तुलनेत फार कमी खर्चात मिळतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२४ च्या अखेरीस हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवरील जनुकोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथेही लेंटिव्हायरसने रुग्णाच्याच मूळपेशींत जनुक घातले होते. हे दोन धागे फॅन्कोनीकडे वळवायचे काम सरकारी संस्थांनीच करायला हवे. कंपन्यांची वाट पाहणे म्हणजे काय, हे माद्रिदच्या मुलांनी आपल्याला दाखवले आहे.

तोवर घराघरांत आणि दवाखान्यांत करण्यासारखे एक काम आहे. माद्रिदच्या यशाचे सगळ्यात मोठे कारण लवकर निदान हे होते. मूल खुजे असेल, अंगठा लहान, वाकडा वा अधिकचा असेल, कातडीवर कॉफीसारखे डाग असतील आणि त्यात हिमोग्लोबिनसोबत प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशीही कमी असतील, तर लोहाच्या गोळ्या देत महिने घालवू नयेत, गुणसूत्रे तुटण्याची चाचणी करून घ्यावी. ज्या घरांत मामेबहिणीशी किंवा इतर नात्यात लग्ने होतात, तिथे तर ही शंका लवकर यायला हवी. निदान वेळेत झाले, तर आज प्रत्यारोपणाची संधी वाढते, भावंडांची तपासणी होते आणि पुढच्या गर्भारपणात आधीच सल्ला मिळतो. उद्या जनुकोपचार आला, तर त्याचा उपयोगही त्याच मुलांना होईल, ज्यांच्या मज्जेत तोवर मूठभर पेशी शिल्लक असतील.